गळतीच्या क्षेत्रातलं अग्रगण्य नाव

साहेबांची दाढ दुखायला लागली तेव्हा तिची कळ माझ्यापर्यंत येऊन पोचेल असं मला मुळीच वाटलं नव्हतं. दुसऱ्याच्या दाढेबद्दल माणूस जेवढी हळहळ करतो तेवढी मी केली, लवंग धरा म्हणून सांगितलं, आणि माझ्या खोलीत येऊन कामाला लागलो.

आमची कंपनी बाटल्यांची झाकणं बनवते. बाटली दुसरेच कुणी बनवतात, आतला माल तिसरे भरतात, आणि तो सांडला की सगळे मिळून आमच्याकडे बघतात. अशा धंद्यात तपासणी विभाग हा कंपनीचा प्राण असतो, असं माझं मत. साहेब त्याला 'मागची खोली' म्हणतात. त्या मागच्या खोलीचा मी प्रमुख आहे. खोलीत हवा काढून घेणारी एक काचेची पेटी आहे, झाकणाला किती पीळ बसलाय ते मोजायचं यंत्र आहे, पाण्याचं पिंप आहे आणि मी आहे. बाटली भरायची, आडवी करायची, पेटीत ठेवायची, हवा काढायची आणि गळते का ते बघत बसायचं. बघत बसण्याला लोक काम समजत नाहीत. त्यांनी एकदा बसून बघावं.

दुपारी साहेबांनी बोलावलं. त्यांचा गाल एव्हाना स्वतंत्र झाला होता.

"पॅकिंगवाल्यांची परिषद आहे," ते तोंडाच्या शाबूत बाजूने म्हणाले. "मी बोलणार होतो. पण दाढ आदल्याच दिवशी काढायचीय. तुम्ही बोला. गळतीवर."

"मी?"

"दुसरं कोण गळतीबद्दल बोलेल? आणि त्यांना तुमचा परिचय हवाय. चार ओळी पाठवून द्या."

चार ओळी. माणूस चार ओळींत जन्म, शिक्षण, लग्न आणि मृत्यू बसवतो. माझं तर यातलं शेवटचं व्हायचंच होतं, म्हणजे जागा उरायला हवी होती. संध्याकाळी घरी आल्याबरोबर मी लिहून टाकलं आणि बायकोला वाचून दाखवलं. 'झाकणांच्या कंपनीत तपासणी विभागात काम करतात. झाकणं गळतात का ते बघतात. गळत असल्यास बाजूला ठेवतात. स्वभाव शांत.'

बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"हरवल्याची जाहिरात वाटतेय," ती म्हणाली. "'अंगात निळा शर्ट' एवढं लिहायचं राहिलंय."

एवढ्यात शेजारचे हेडमास्तर आले. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण लाल पेन अजून नोकरीत आहे. इमारतीच्या फाटकावर 'वाहने ऊभी करू नयेत' अशी पाटी होती. त्यातला दीर्घ ऊ त्यांनी शिडी लावून ऱ्हस्व केला. लोक तिथे वाहनं उभी करतातच, पण आता शुद्ध उभी करतात. त्यांनी माझा कागद उचलला, वाचला आणि डोळे मिटून घेतले.

"झाकण हा शब्द किती वेळा आलाय?" त्यांनी विचारलं.

"आम्ही झाकणंच बनवतो."

"बनवा. कारखान्यात बनवा. वाक्यात कशाला? तो शब्द आला की वाक्य खाली बसतं. शिवाय हल्लीची पोरं एकमेकांना झाकण म्हणतात, ते काही कौतुकाने नव्हे. तुम्ही व्यासपीठावरून पाच-सहा वेळा झाकण म्हणालात तर लोक तुम्हालाच म्हणतील."

बायकोने इथे मान डोलावली. नवऱ्याबद्दलचा एखादा धोका बायकांना फार लवकर पटतो.

हेडमास्तरांनी लाल पेनाने सगळी झाकणं उडवली. काढता काढता मजकुरात भोकं पडली, ती त्यांनी स्वतःच्या भाषेने बुजवली. 'गेली पंचवीस वर्षे गळती या एकाच ध्यासाने झपाटलेले हे व्यक्तिमत्त्व. त्यांच्या हाताखालून लाखो गेली, पण एकही निसटले नाही.' हे वाचून मला स्वतःबद्दल थोडी भीती वाटली.

"पण लाखो काय?" मी विचारलं.

"ते वाचकाला कळतं," हेडमास्तर म्हणाले.

हे पुरेसं होतं. पण बायकोने तेवढ्यात आपल्या भावाला फोन केला. माझा मेहुणा जाहिरातीत आहे, म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवून देतो. पण 'आमच्याकडे ब्लाउज अल्टर करून मिळतील' या ओळीला तो कॅम्पेन म्हणतो. तो जेवणाच्या वेळेला आला. तो नेहमीच त्या वेळेला येतो.

"भाऊजी, तुम्ही दबावाखाली काम करता ना?"

"मी नाही. बाटली दबावाखाली असते. मी बाहेर असतो."

"पण त्याच खोलीत असता."

"हो."

"झालं तर. 'प्रचंड दबावाखाली काम करण्याचा दीर्घ अनुभव.' परदेशात गेलात?"

"आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला नेतील म्हणाले होते," बायको म्हणाली.

"झाकणं गेलीयत?"

"झाकणं जातात," मी कबूल केलं. "दोन-तीन देशांत."

"म्हणजे 'ज्यांचं कार्य सातासमुद्रापार पोचलं आहे'." मेहुण्याने भात कालवला. "खोटं एक अक्षर नाही यात. तुम्ही साधे आहात, हा तुमचा प्रॉब्लेम आहे. साध्या माणसाचं खरंसुद्धा कुणाला खरं वाटत नाही."

मी हे वाक्य रात्री बराच वेळ मनात घोळवलं. मला ते पटत नव्हतं, पण त्यातलं 'साधे आहात' तेवढं आवडलं होतं.

परिचय तयार झाला, पण परिषदेला तो कागदावर नको होता, त्यांच्या संकेतस्थळावर भरून हवा होता. तिथे पहिल्याच पायरीला 'पदनाम' विचारलं. खाली पर्याय होते: संस्थापक, संचालक, सल्लागार, इतर. 'तपासनीस' नव्हतं. मी 'इतर' निवडलं. त्यावर लाल अक्षरांत उत्तर आलं: 'कृपया इतर निवडू नये.' मग ते ठेवलं कशाला, हे विचारायला तिथे जागा नव्हती. नवीन कंपनी काढणं किंवा आहे तीत संचालक होणं त्या संध्याकाळी शक्य दिसेना, म्हणून मी सल्लागार झालो.

पुढे फोटो. हेडमास्तरांनी आणि मेहुण्याने मागे पांढरी चादर धरली, बायकोने फोटो काढला, मी तो चढवला. उत्तर आलं: 'चेहरा आढळला नाही.'

मी परिषदेच्या कार्यालयाला फोन केला. तिथल्या बाईंचा आवाज फार गोड होता. ज्यांना तुमचं काम करायचं नसतं त्यांचा असतो तसा.

"सर, सिस्टिम घेत नाहीये."

"पण बाई, मला चेहरा आहे."

"असेल ना सर. पण सिस्टिमला आढळत नाहीये."

"मग मी काय करू?"

"दुसरा पाठवा."

"चेहरा?"

"फोटो, सर."

दोष माझ्या टकलाचा होता, असं मेहुण्याने शोधून काढलं. ट्यूबलाइट त्यावरून परत फिरत होती आणि चेहऱ्याची सगळी वरची हद्द पुसली जात होती. आम्ही दिवा बंद केला. तेव्हा चेहरा खरोखरच दिसेनासा झाला. खिडकीपाशी उभा राहिलो, तर सिस्टिमने आनंदाने हिरवा चौकोन काढला तो मागच्या भिंतीवरच्या घड्याळाभोवती. त्या घड्याळाच्या चेहऱ्याशी माझी तुलना करून मेहुणा आणि हेडमास्तर बराच वेळ हसले. चादर धरलेली माणसं हसली की चादर हलते, आणि चादर हलली की फोटो बिघडतो, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. शेवटी धुळीने मला शिंक यायला लागली. तोंड उघडलेलं, डोळे अर्धवट, नाक वर, असा मी शिंकायच्या बेतात असताना बायकोचं बोट चुकून पडलं. तो फोटो सिस्टिमला एकदम पसंत पडला. कार्यक्रमपत्रिकेवर माझा तोच फोटो छापून आला. त्यात मी समस्त उद्योगाच्या भवितव्याबद्दल हंबरडा फोडायच्या तयारीत दिसतो.

काही दिवसांनी गोड आवाजाच्या बाईंचा मेल आला. 'आपला परिचय वाचून समिती प्रभावित झाली. आपल्याला स्वतंत्र भाषणाऐवजी मुख्य परिसंवादात घेत आहोत. विषय: मनुष्यबळ आणि गळती, आव्हाने व उपाय.'

आता इथे मला कुणी दोष देऊ नये. झाकणाच्या धंद्यात मनुष्यबळ हा अगदी रोजचा प्रश्न आहे. झाकण घट्ट लावलं तर गळत नाही, पण म्हाताऱ्या माणसाला उघडत नाही. सैल लावलं तर उघडतं, पण गळतं. माणसाच्या मनगटात बळ किती आणि बाटलीची गळती किती, यांचा मेळ घालण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. समितीला या प्रश्नाचं एवढं महत्त्व कळावं, याचा मला इतका आनंद झाला की मी अभ्यासच सुरू केला. इमारतीतल्या लोकांना एकेक करून बोलावलं, हातात घट्ट लावलेली बरणी दिली आणि किती जोर लागतो ते कारखान्यातून घरी आणलेल्या यंत्रावर मोजलं. लोक हौसेने आले. तळमजल्यावरच्या आजींनी बरणी एका झटक्यात उघडली आणि आणखी आहेत का विचारलं. हेडमास्तरांनी मात्र श्वास रोखून असा काही पीळ दिला की बरणी तशीच राहिली आणि मनगट फिरलं. त्यांना पट्टी बांधावी लागली. लाल पेन उजव्या हाताचं असल्यामुळे इमारतीत थोडे दिवस फार मोकळं वातावरण होतं.

परिषदेला निघताना हेडमास्तरांनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. "तो शब्द तोंडातून काढायचा नाही. 'घटक' म्हणा. नाहीतर काहीच म्हणू नका."

परिषद एका मोठ्या हॉटेलात होती. असल्या हॉटेलांत गालिचा इतका जाड असतो की आपण आलो हे आपल्यालासुद्धा ऐकू येत नाही. बायको नवी साडी नेसून आली होती, मेहुणा फोटो काढायला आला होता. साहेबही आले होते, गालात कापूस धरून. डॉक्टरांनी त्यांना दिवसभर तोंड उघडायचं नाही असं सांगितलं होतं. त्यांनी मला बघून नुसतं बोट वर केलं. त्याचा अर्थ 'शुभेच्छा' असाही होतो आणि 'याद राखा' असाही होतो.

वक्त्यांच्या खोलीत आणखी दोन तज्ज्ञ बसले होते. एक मॅडम होत्या, पांढऱ्याशुभ्र कोटातल्या. पत्रिकेत त्यांच्याबद्दल 'अनेक नामवंत संस्थांतली माणसं टिकवून ठेवणाऱ्या' असं छापलं होतं. त्या फोनवर कुणाला तरी हळू आवाजात विनवत होत्या, "अगं, निदान आजचा दिवस तरी थांब. माझी सगळी माहिती तुझ्याच कॉम्प्युटरवर आहे." फोन ठेवून त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि पाणी प्यायल्या. दुसरे एक गृहस्थ होते. त्यांच्या कोटाच्या वरच्या खिशातून रेशमी रुमालाची तीन टोकं डोकावत होती. 'आघाडीच्या असंख्य कंपन्यांचा समृद्ध अनुभव' अशी त्यांची ओळख होती. सध्या कुठे असता, असं मी सहज विचारलं. त्यांनी छातीवरचा बिल्ला उलटा करून वाचला आणि मग सांगितलं.

मला त्या दोघांपुढे फार लहान वाटायला लागलं. मोठ्या माणसांच्या जवळ बसलं की त्यांच्या अडचणी आपल्यासारख्याच दिसतात, पण तरीही त्यांचा कोट आपल्यापेक्षा चांगला असतो.

आम्ही व्यासपीठावर बसलो. सभागृह भरलेलं होतं. परिसंवाद चालवणाऱ्या तरुणाने माझा परिचय अथपासून इतिपर्यंत वाचला. 'ज्यांच्या हाताखालून लाखो गेली, पण एकही निसटले नाही' या वाक्याला पुढच्या रांगेतले काही लोक अस्वस्थपणे खुर्चीत सरकले. मग त्याने पहिला प्रश्न मलाच टाकला.

"सर, इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगा. गळतीचं मुख्य कारण काय?"

असा सरळ प्रश्न मला घरातसुद्धा कुणी विचारलेला नव्हता. मी खुर्ची पुढे ओढली.

"सैल सोडणं," मी म्हणालो.

"म्हणजे शिस्त हवी?"

"पण फार आवळूनही चालत नाही. आवळलं की तडा जातो. बाहेरून दिसत नाही, आणि एक दिवस सगळं हातात येतं."

मॅडमनी हे लिहून घेतलं. माझा उत्साह वाढला.

"नव्यांमध्ये गळती जास्त की जुन्यांमध्ये?"

"नव्यांमध्ये. जुनी एकदा बसली की बसली. ती हलतच नाहीत. कधी कधी तर गरम पाणी ओतावं लागतं."

रुमालवाल्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. सभागृहात कुणीतरी खोकलं.

"गरम पाणी," तरुण म्हणाला. "बरं. आणि टिकणार की नाही हे आधी ओळखायची तुमची काही पद्धत आहे?"

"आहे ना. आम्ही नमुन्यादाखल काही उचलतो, आणि रात्रभर उलटी टांगून ठेवतो."

सभागृह एकदम शांत झालं. मला वाटलं, लोक रंगले.

"खाली कागद पसरतो," मी पुढे सांगितलं. "सकाळी कागद ओला दिसला की ते बाद. कोरडा असला तर मग पेटीत घालून हवा काढून घेतो."

मॅडमचं पेन थांबलं. "हवा काढून घेता," त्या म्हणाल्या. "आणि हे तुम्ही कायद्यात कसं बसवता?"

"कायद्यातच दिलंय, मॅडम. उलट, केलं नाही तर दंड होतो."

"तक्रार करत नाहीत?"

"कोण?"

"माणसं. ज्यांना तुम्ही उलटं टांगता."

"माणसांना कशाला टांगू?" मी म्हणालो. "झाकणांना."

तो शब्द माइकमधून निघाला आणि सभागृहाच्या चारी भिंतींना लागून परत आला. मी मागे वळून पडद्यावरचं मोठं चित्र प्रथमच नीट बघितलं. त्यात हातात पेटी घेऊन ऑफिसातून बाहेर पडणारा एक उदास तरुण होता, आणि खाली लिहिलं होतं: 'कर्मचारी का सोडून जातात?'

माणसाच्या आयुष्यात काही क्षण असे येतात की तेव्हा शिंक आली असती तरी आधार वाटला असता. मला तीही येईना. हसू आधी मागच्या रांगेत सुरू झालं, मग मधल्या रांगांत आलं आणि पुढच्या रांगेत येऊन स्थिरावलं. साहेब तेवढे हसले नाहीत. त्यांना टाके होते. बायको मांडीवरच्या पर्सची चेन उघडत होती, लावत होती. ती मला हसत नव्हती, हे मला तेवढ्या गडबडीतही दिसलं आणि त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. मी उठून जाणार होतो, पण कोटाला लावलेल्या माइकची वायर खुर्चीच्या पायात अडकलेली होती. प्रतिष्ठेने उठून जायलाही आधी वाकावं लागणार होतं.

तेवढ्यात मधल्या रांगेतून एक जाडजूड गृहस्थ उभे राहिले. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती.

"झाकणवाले तुम्हीच का?" त्यांनी विचारलं.

सभागृह पुन्हा हसलं. ते गृहस्थ हसले नाहीत.

"मी सॉस बनवतो," ते म्हणाले. "सकाळपासून झाकणातलं कळणारा माणूस शोधतोय. छापलं होतं गळती, म्हणून या खोलीत बसलो, तर इथे कोण नोकरी सोडतंय आणि कोण रडतंय तेच चाललंय. माझी गळती खरी आहे." त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेली बाटली काढली. कागद लाल झाला होता. "कंपनीला कितीदा लिहिलं. ते म्हणतात, झाकण उत्तम आहे, तुमच्या बाटलीची मान वाकडी आहे. तुम्ही जाणकार आहात. एकदा बघून सांगा, कुणाची मान वाकडी आहे."

त्यांनी व्यासपीठापाशी येऊन बाटली माझ्या हातात दिली, आणि हातात बाटली आल्याबरोबर मी सभागृह विसरलो. मान बघितली, ती सरळ होती. कडा बोटाने चाचपली, गुळगुळीत. बाटली आडवी धरली, झाकणाच्या कडेला लाल थेंब धरला, वाढला आणि पडला.

"मान चांगली आहे," मी सांगितलं. "तुमच्या बाटलीचा काही दोष नाही. हे बघा, जरा दाब दिला की कुठून येतं ते कळेल."

मी दाब दिला. बाटली प्रवासात तापलेली होती, पिशवीत हिंदकळलेली होती, आणि माझ्या मनगटात त्या वेळी सगळ्या अपमानाचं बळ आलेलं होतं. झाकणाखालून सॉसची एक सरळ धार निघाली आणि शेजारच्या रुमालवाल्या गृहस्थांच्या शर्टावर जाऊन लागली. मॅडम आपला पांढरा कोट सावरून खुर्चीसकट मागे सरकल्या. मी घाईघाईने त्या गृहस्थांच्या खिशातला रेशमी रुमाल पुसायला ओढला. तो सबंध बाहेर आला, पण तो रुमाल नव्हता. पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर शिवलेली तीन टोकं होती. मी तो पुठ्ठा हातात धरून उभा राहिलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "पॅकिंग चांगलं आहे."

सभागृह आता हसायचं थांबेना. पण मला तिकडे बघायला फुरसत नव्हती. मी झाकण फिरवून काढलं आणि आत बघितलं. झाकणाच्या आत एक पातळ चकती असते, वॉशर म्हणतात. तिची मऊ बाजू बाटलीकडे हवी. इथे ती उलटी बसली होती.

इतकी वर्षं मागच्या खोलीत बसून माझा रागही मागेच राहिला होता. तो त्या वेळी सगळा पुढे आला.

"हे बघा," मी चकती वर धरून सांगितलं. "वॉशर उलटा. हे गळणार नाही तर काय होणार? आणि वर यांनाच सांगतात की तुमची मान वाकडी. ज्या कुणी हे झाकण पास केलं त्याला लाज वाटायला पाहिजे. तपासायला ठेवलेला माणूस काय झोपला होता?"

टाळ्या पडल्या. पहिल्यांदाच, माझ्यासाठी. मी झाकण उजेडाकडे धरलं. प्रत्येक झाकणाच्या आत, साच्यातच कोरलेली, बनवणाऱ्याची खूण असते. लोकांना ती दिसत नाही, कारण लोक झाकणाच्या आत बघत नाहीत. आमची खूण म्हणजे एका वर्तुळात बारीक चांदणी.

वर्तुळ होतं. आत चांदणी होती.

मी साहेबांकडे बघितलं. त्यांना चांदणी तिथून दिसणं शक्य नव्हतं, पण माझा चेहरा दिसत होता. तो सिस्टिमला आढळत नसला तरी साहेबांना बरोबर आढळतो. त्यांनी अगदी हळू मान डावीकडे नेली आणि उजवीकडे आणली. त्याचा अर्थ एकच होता. झाकण खिशात टाकून खाली बसणं अगदी सोपं होतं. कोट होता, खिसा होता.

"काय झालं?" सॉसवाल्यांनी विचारलं.

बायकोने पर्सची चेन थांबवली होती.

"हे झाकण आमचंच आहे," मी माइकमध्ये सांगितलं. "आणि तो झोपलेला माणूस मीच."

यावर टाळ्याही पडल्या नाहीत आणि कुणी हसलंही नाही. परिसंवाद चालवणाऱ्या तरुणाने हातातल्या कागदावर पुढचा प्रश्न शोधला, पण तो सापडला नसावा, कारण त्याने चहाची सुट्टी जाहीर केली.

बाहेरच्या गालिच्यावर साहेबांनी मला गाठलं. त्यांना खूप बोलायचं होतं. त्यांचे डोळे, भुवया, दोन्ही हात आणि शाबूत गाल एकदम बोलत होते, पण बाहेर फक्त "ऊं, ऊं" एवढंच येत होतं. मी मान खाली घालून ते सगळं ऐकून घेतलं. 'नोकरी' हा शब्द ओठ न उघडता म्हणता येतो, हे मला त्या दिवशी कळलं. मेहुणा बाजूला उभा राहून फोटो काढत होता. त्याला मी थांबवलं नाही. कुठल्या कंपनीत अर्ज करावा लागला तर फोटो तयार असलेला बरा, असा एक विचार मनात येऊन गेला.

तेवढ्यात सॉसवाले चहाचा कप घेऊन आले.

"साहेब हेच का?" त्यांनी विचारलं.

"ऊं," साहेब म्हणाले.

"तुमची ऑर्डर उद्या बंद करणार होतो," सॉसवाले म्हणाले. "तसं सांगायलाच आलो होतो. आता करत नाही. पण झाकण या माणसाने बघितलंय हे मला बाटलीवर पाहिजे. लेबलावर. खाली यांची सही छापून."

साहेब गप्प राहिले. तसे ते सकाळपासून गप्पच होते, पण हे गप्प राहणं वेगळं होतं. भुवया खाली आल्या, हात खिशात गेले. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सॉसवाल्यांकडे बघून, टाके सांभाळत, असे काही हसले की जणू मला घडवण्यात त्यांचं तारुण्य गेलं होतं.

परत येताना टॅक्सीत बायकोने माझ्या बाहीला लागलेला सॉस रुमालाने पुसायला घेतला.

"खिशात टाकलं असतं तर कुणाला कळलं नसतं," ती म्हणाली.

"वॉशर उलटा होता गं."

"हो, ते ऐकलं मी. सगळ्यांनीच ऐकलं." मग ती हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "पॅकिंग चांगलं आहे म्हणे." पुढे बसलेला मेहुणा आणि टॅक्सीवाला दोघंही विचारत राहिले काय झालं म्हणून, पण तिला सांगता येईना.

सोमवारी मी कारखान्यातल्या नव्या मशीनपाशी उभा राहून वॉशर उलटा कसा बसतो ते शोधून काढलं. मशीन साहेबांनी पसंत केलेलं होतं, त्यामुळे दोष विजेचा ठरला. वीज दुरुस्त झाली. त्यानंतर सॉसचं नवं लेबल छापून आलं. खालच्या कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरांत, 'झाकण तपासले' आणि त्याखाली माझी सही. लेबल वाकडं तर वाटत नाही ना, हे हेडमास्तरांनी बरं झालेल्या मनगटाने धरून तपासलं आणि शुद्धलेखन बरोबर आहे असा निर्वाळा दिला.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो. आम्हाला तांदूळ हवे होते. पण बायकोने आधी सॉसची बाटली मागितली, ती उलटसुलट करून बघितली, आणि दुकानदाराच्या समोर धरली.

"ही सही बघितलीत?" ती म्हणाली. "यांची आहे."

मी दुसरीकडे, साबणाच्या वड्यांकडे बघत उभा राहिलो. अशा वेळी माणसाने नम्र दिसावं लागतं. दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला, बाटली नाकाशी नेली, दूर धरली, मग नखाने लेबलावर जरा खरवडून बघितलं.

"सही होय," तो म्हणाला. "मला वाटलं, छपाईत केस अडकलाय."

बायकोने बाटली काउंटरवर ठेवली, माझा हात धरला आणि तांदूळ न घेता बाहेर पडली. तेव्हापासून आम्ही किराणा रस्त्याच्या पलीकडच्या दुकानातून आणतो.